मेट्रॉइडच्या बिळात, नकाशाशिवाय

गेल्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी सहज लिहून गेले होते, की सध्या ‘मेट्रॉइड टू : रिटर्न ऑफ सॅमस’ पुन्हा खेळायला घेतलाय आणि आठवत होता त्यापेक्षा तो बरा निघतोय. त्या एका ओळीवर इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यावं लागलं.

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. १९९१च्या नोव्हेंबरात निन्टेंडोनं तो गेम बॉय या आपल्या हातात धरायच्या गेमयंत्रासाठी अमेरिकेत आणला. जपानमध्ये तो पुढच्या जानेवारीत आला. ज्या विभागानं गेम बॉय बनवला त्याच विभागाचा हा गेम, आणि निर्माता म्हणून नाव गुन्पेई योकोई यांचंच. मेट्रॉइड म्हणजे हवेत तरंगणारा, दुसऱ्या जिवांची प्राणशक्ती शोषून घेणारा प्राणी. सॅमस अरान ही बक्षिसाच्या बोलीवर काम करणारी शिकारी. एसआर-३८८ या ग्रहावर उतरायचं, मेट्रॉइडची जात संपवायची आणि परत यायचं, एवढीच कामगिरी. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा असतो ३९. तो शून्यावर आणायचा.

प्रश्न : नमस्कार ताई. तुमचं वाचून गेम सुरू केला. पण यात नकाशाच नाही, आणि सगळ्या गुहा सारख्याच दिसतात. एकाच बोगद्यात दोन संध्याकाळ फिरून शेवटी वैतागलो आणि इंटरनेटवर कोणीतरी बनवलेला नकाशा उघडला. ही लबाडी झाली का?

लबाडी कसली? घाई मात्र झाली. त्या नकाशाची तुम्हाला गरज नव्हती, कारण तुम्हाला वाटलं तेवढे तुम्ही हरवलेले नव्हतात.

या ग्रहाची रचना नीट पाहा. मधून एक लांबच लांब भुयार खाली खाली जातं आणि त्याला डावी-उजवीकडे वाटा फुटतात. भुयारात ठिकठिकाणी अंग जाळणारं आम्ल साठलेलं असतं, त्यामुळे खालची वाट बंद. एका भागातले सगळे मेट्रॉइड मारले की जमीन हादरते, आम्लाची पातळी उतरते आणि पुढचा भाग उघडतो. म्हणजे कुठल्याही क्षणी तुम्ही अख्ख्या ग्रहावर हरवत नाही, एका भागात हरवता. शोधायचं असतं ते तेवढ्याच जागेत.

आता एक गोष्ट जी पुष्कळांना ठाऊक नसते. गेम थांबवण्याचं बटण दाबलंत की कोपऱ्यातला आकडा बदलतो. एरवी तो एकूण शिल्लक मेट्रॉइड दाखवतो. थांबवल्यावर दाखवतो, पुढच्या हादऱ्याला किती बाकी आहेत. एक दिसला तर समजा, याच भागात कुठला तरी कोपरा तुमच्या नजरेतून सुटलाय. खाली उतरायची वाट शोधत बसू नका.

दुसरी खूण टरफलाची. मेट्रॉइड कात टाकून वाढतो. वाटेत रिकामं टरफल लटकलेलं दिसलं की त्याचा मालक जवळपास आहे. हे गेम कुठेच लिहून सांगत नाही. मला तर ही युक्ती बाण दाखवणाऱ्या कुठल्याही नकाशापेक्षा जास्त आवडते, कारण टरफल दिसलं की पाय आपोआप हळू पडतात.

तिसरी गोष्ट छत. पहिल्याच मोठ्या अवशेषांच्या भागात ‘स्पायडर बॉल’ मिळतो. सॅमसचा गोळा करा, खालची दिशा दाबा, आणि तो गोळा भिंतीला, छताला, कशालाही चिकटून सरपटतो. हे हातात आल्यावर या गेममध्ये ‘भिंत’ नावाची गोष्ट उरत नाही, सगळाच रस्ता होतो. अडकलेल्या माणसाला मी आधी हेच विचारते की वर जाऊन पाहिलंस का? बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. आपण जमिनीवर चालणारे प्राणी. छत तपासायचं आपल्याला सुचत नाही.

गुहा सारख्या दिसतात ही तक्रार मात्र खरी आहे. पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, छटा चार, आणि त्यात सॅमस चांगली मोठी काढलेली. तिचं चिलखत नीट दिसावं म्हणून आजूबाजूची जागा खर्ची पडली. टॉर्चच्या झोतात जेवढं दिसेल तेवढंच पुढचं दिसतं. यातली निम्मी गोष्ट मला गेमचा गुण वाटते. काळोखात काय आहे हे ठाऊक नसणं हा या कामाचा भागच आहे. उरलेली निम्मी मात्र निव्वळ काटकसर. तोच खांब, तेच दगड, तीच खोली पुन्हा समोर येते. तिला कुणी ‘वातावरणनिर्मिती’ म्हणायला लागलं की मला हसू येतं.

तर माझा उपाय असा. वही आणि पेन्सिल घ्या, पण चौकटींचा कागद घेऊन खोली-खोली मोजत बसू नका. मधोमध उभी रेघ काढा, तेच मोठं भुयार. तिला फुटणाऱ्या वाटा आडव्या रेघांनी दाखवा. पोचता न आलेल्या जागी प्रश्नचिन्ह, सेव्ह करायच्या खांबाला चौकोन, शक्ती आणि क्षेपणास्त्रं भरून घ्यायच्या जागांना गोल. अंतराचं प्रमाण चुकलं तर चुकू द्या. माझ्या वहीतली पानं दुसऱ्या कुणाला कळणार नाहीत, आणि कळायची गरजही नाही. ही चित्रं काढताना खोल्या डोक्यात बसतात. छापील नकाशा पाहताना बसत नाहीत.

प्रश्न : मी आठवीत आहे. आमच्याकडे निन्टेंडोचं स्विच हे गेमयंत्र आहे आणि त्यावर हा गेम आहे. हिरवा रंग ठेवू, करडा ठेवू, की रंगीत? आणि चुकलं की मागे नेता येतं, ते वापरलं तर चालेल का?

करडा ठेव. स्विचवर तुला मूळ गेम बॉय, गेम बॉय पॉकेट आणि गेम बॉय कलर असे तीन पडदे निवडता येतात. हिरवट पडदा हौसेपुरता ठीक आहे, पण त्यावर काळोखी जागा एकमेकींत मिसळतात. पॉकेटचा काळा-करडा पडदा स्वच्छ दिसतो.

कोणाकडे खरा गेम बॉय कलर असेल तर त्यांनाही सांगते: सुरुवातीचं नाव पडद्यावर येतं त्या वेळी डावी दिशा आणि बी बटण एकत्र दाबून धरा, गेम काळा-पांढरा होतो. काही न दाबता सुरू केला तर या गेमसाठी त्या यंत्रात आधीपासून ठरवून ठेवलेले रंग दिसतात. ते वाईट नाहीत, मला थोडे भडक वाटतात एवढंच.

रंगांवरून एक गंमत. पहिल्या ‘मेट्रॉइड’ गेममध्ये ‘व्हेरिया सूट’ हे नवं चिलखत मिळालं की सॅमसचा नुसता रंग बदलायचा. गेम बॉयवर रंगच नाही, मग फरक कळणार कसा? म्हणून तिचे खांदे मोठे गोल केले. रंगीत यंत्रं आली तरी ते खांदे गेले नाहीत. आज सॅमस म्हटल्यावर जे खांदे तुझ्या डोळ्यांपुढे येतात, ते या चार छटांच्या अडचणीतून जन्मले आहेत.

मागे नेण्याचं म्हणशील, तर उडी चुकली म्हणून वापरू नकोस. उडी चुकली तर तू खाली पडतोस, आणि पडलेल्या जागी बऱ्याचदा काहीतरी सापडतं. दप्तर भरायची वेळ झाली आणि सेव्हचा खांब लांब असेल, तर स्विचवर आहे त्या क्षणी गेम जतन करता येतो, तो खुशाल कर. त्यात काही बिघडत नाही.

प्रश्न : या गेमची जुनी काडतूस (कार्ट्रिज) कपाटात सापडली. गेम सुरू होतो, पण बंद करून पुन्हा लावला की सेव्ह केलेलं सगळं गेलेलं असतं. काडतूस खराब झाली का?

नाही. आतली बॅटरी संपली आहे. खेळलेलं लक्षात ठेवायला काडतुशीत नाण्याच्या आकाराची एक लिथियम बॅटरी असते. ती मेली तरी गेम जिवंत राहतो, फक्त त्याची आठवण जाते.

बदलता येते. पण बॅटरीला पत्र्याच्या पट्ट्या जोडलेल्या असतात आणि त्या बोर्डाला सोल्डर केलेल्या असतात. नवीन घेताना तशा पट्ट्या लावलेलीच घ्या आणि जुनीचा क्रमांक पाहून तीच घ्या. साध्या बॅटरीवर थेट सोल्डरची तापलेली टोची टेकवू नका, ती फुटू शकते. हात बसलेला नसेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या. आणि चिकटपट्टीनं बॅटरी दाबून बसवणारा कोणी भेटला, तर काडतूस उचला आणि घरी या.

प्रश्न : पंधरा-सोळा मेट्रॉइड मारून झाले. प्रत्येक लढाई तीच. यात एवढं कौतुक करण्यासारखं काय आहे?

तुमचा मुद्दा अर्धा मान्य.

मेट्रॉइड टप्प्याटप्प्यानं वाढतात: अल्फा, गॅमा, झीटा, ओमेगा. अल्फा खूप आहेत, आणि मधल्या टप्प्यावर खरंच कंटाळा येतो. अल्फाशी खेळायची रीत एकदा कळली की संपलं. तो अंगावर येतो, त्याची पाठ टणक, म्हणून खालून क्षेपणास्त्रं मारायची. बीमचा, म्हणजे हातातल्या किरणाच्या शस्त्राचा, काही उपयोग नाही. माझं स्पष्ट मत आहे की आठ-दहा अल्फा कमी केले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. जागेनुसार मात्र फरक पडतो: पायाखाली वाळू, डोक्यावर काटे, उभं राहायला दोन दगड. लढाई तीच, पण उभं राहायची सोय नाही. निर्मात्यांनी वैविध्य आणलं ते एवढंच.

तुमचा राग कमी व्हावा म्हणून दोन सूचना. एक, क्षेपणास्त्रं वाटेतल्या किड्यांवर उधळू नका. सुरुवातीला ३० मिळतात, ती बरीच वाटतात, पण गॅमा आणि झीटा पुष्कळ खातात. दोन, बीम एका वेळी एकच राहतो. आइस, वेव्ह, स्पेझर, प्लाझ्मा यांतला नवा घेतला की हातातला गेला. प्लाझ्मा सगळ्यात जोरदार म्हणून तो घेऊन लोक खूश असतात, आणि शेवटी त्यांना आइस लागतो. घाबरू नका, शेवटच्या उतरणीआधी तो पुन्हा मिळतो. तो घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका, एवढं लक्षात ठेवा. तिथल्या लहान मेट्रॉइडना आधी गोठवावं लागतं आणि मग क्षेपणास्त्रं मारावी लागतात.

आता उरलेला अर्धा, जो मला मान्य नाही. तुम्हाला हे एकसुरी वाटतंय, कारण तुम्ही शूरवीराची गोष्ट शोधताय. ही तशी गोष्ट नाही, हे कंत्राट आहे. आकडा दिलाय, तो कमी करायचा आहे. तिसाव्या मेट्रॉइडपाशी तुम्हाला जो कंटाळा येतो, तोच सॅमसला येत असणार असं मला वाटतं, आणि गेम तो लपवत नाही. पुढे खोल गेलात की आणखी एक बदल दिसेल. वरच्या भागांत किडे, पाखरं, यंत्रं यांची गर्दी होती. शेवटी शेवटी इतर जीव जवळजवळ दिसेनासे होतात. लांब रिकामे बोगदे लागतात. तिथवर जा आणि मग पुन्हा पत्र लिहा.

प्रश्न : संगीत मधूनच गायब होतं आणि नुसते टिकटिक, बीप असे आवाज येतात. माझ्या यंत्राच्या स्पीकरमध्ये बिघाड आहे का?

बिघाड नाही, ते तसंच आहे. ग्रहाच्या पृष्ठभागावर छान ठेक्याची चाल वाजते. पुढे काही भागांत चाल नावाची गोष्टच राहत नाही. गेम बॉयमध्ये आवाजाचे चार मार्ग असतात, त्यातला एक नुसत्या खरखरीचा. संगीतकार र्योजी योशितोमी यांनी त्यांतून कुठे गाणं काढलं आहे, तर कुठे नुसतीच कुजबुज. एकदा हेडफोन लावून ऐका. गेम बॉयला स्पीकर एकच, पण हेडफोनमधून आवाज दोन्ही कानांना वेगळा येतो, आणि मग त्या टिकटिकीला दिशा येते.

प्रश्न : या गेमच्या सुधारून केलेल्या नव्या आवृत्त्या आहेत. त्यात नकाशा आहे, रंग आहेत, नेमही कुठल्याही दिशेला धरता येतो. मग मूळ गेम खेळायचा कशाला? नुसत्या जुन्या आठवणींसाठी?

(शेवट ठाऊक नसेल त्यांनी हे उत्तर आणि पुढचंही सोडून द्या.)

आठवणींसाठी मुळीच खेळू नका. ज्याला त्या काळाच्या आठवणी नाहीत त्यालाही मी मूळ गेमच आधी सुचवते.

नव्या आवृत्त्या दोन. एक चाहत्यांची, ‘अनदर मेट्रॉइड टू रिमेक’. ती ६ ऑगस्ट २०१६ला आली, पहिल्या मेट्रॉइडला बरोबर ३० वर्षं झाली त्या दिवशी, आणि निन्टेंडोनं स्वामित्वहक्क दाखवून लगेचच ती उतरवायला लावली. दुसरी निन्टेंडोची स्वतःची, ‘सॅमस रिटर्न्स’, सप्टेंबर २०१७मध्ये थ्रीडीएस या तिच्याच हातातल्या यंत्रावर. ती स्पेनच्या मर्क्युरीस्टीम या स्टुडिओबरोबर केलेली. हाताळायला ती फार सुखाची आहे, नेम धरण्यात मूळ गेम तिच्या जवळपासही येत नाही. माझा भाचा तीच खेळतो आणि माझ्या वहीकडे पाहून दया दाखवतो.

पण दोन ठिकाणी ती मला खटकते. तिच्यात समोरून येणाऱ्या प्राण्याचा हल्ला अचूक क्षणी परतवण्याची चाल आहे. ती चाल वापरता यावी म्हणून प्रत्येक प्राणी तुमच्यावर धावून येतो. मूळ गेममध्ये बरेचसे जीव आपापल्या वाटेनं रांगत असतात. तुम्ही आडवे गेलात तर लागतं, एवढंच. त्यांच्या घरात तुम्ही शिरला आहात हे तिथे जाणवतं. नव्या गेममध्ये ते तुमची वाट पाहत बसलेले असतात.

दुसरं ठिकाण शेवटाचं. आकडा १ वर येतो. वाटतं, संपलं. आणि घरट्यात पाऊल टाकताच तो ९ होतो: आठ लहान आणि एक राणी. राणीला हरवण्याचा माझा आवडता मार्ग म्हणजे तिच्या उघड्या तोंडात क्षेपणास्त्र मारून ती थिजली की गोळा होऊन आत शिरायचं आणि पोटात बॉम्ब ठेवायचे. ती मरते. पुढे एक अंडं असतं. ते फुटतं, आतून पिल्लू बाहेर येतं आणि हल्ला न करता सॅमसभोवती घिरट्या घालायला लागतं. तुमच्या हातात क्षेपणास्त्रं आहेत, कामगिरी ‘सगळे संपवा’ अशी आहे, आणि गेम एक शब्दही बोलत नाही.

मग वर चढायचं. वाटेत काही अडथळे असे आहेत, जे तुमच्या कुठल्याच शस्त्रानं फुटत नाहीत. ते पिल्लू खाऊन टाकतं. म्हणजे त्याच्याशिवाय तुम्हाला घरी जाता येत नाही. या सबंध चढणीवर एकही शत्रू नाही. कोपऱ्यातला तो आकडा, ज्याच्या मागे तुम्ही इतका वेळ धावलात, तो आता काहीच सांगत नाही. बोलण्यासाठी या यंत्रात जागा नव्हती असं कुणी म्हणेल. पण एखादी ओळ छापण्याइतकी जागा निश्चित होती. ती छापली नाही, हा कुणीतरी घेतलेला निर्णय आहे. माझ्या दृष्टीनं हा या गेमचा सगळ्यात मोठा क्षण आहे, आणि तो पेलतो कारण आधीचे सगळे तास तुम्ही न बोलता, न विचार करता मारत आलेले असता.

‘सॅमस रिटर्न्स’नं नेमकं याच्यानंतर रिडली या जुन्या शत्रूशी मोठी धामधुमीची लढाई घातली आहे. लढाई म्हणून ती उत्तम आहे. पण ज्या शांततेत तुम्ही स्वतःच्या करणीचा विचार करायचा, तिथे आता तुम्ही बटणं दाबत असता.

म्हणून आधी मूळ, मग नवी. उलट क्रमानं गेलात तर मूळ गेम अपुरा वाटेल, आणि तो तसा नाही.

प्रश्न : धाकटा भाऊ म्हणतो, हातातल्या यंत्रावरचा सगळ्यात चांगला मेट्रॉइड म्हणजे ‘फ्यूजन’. मला ‘टू’ आवडला. आमच्या भांडणाचा निवाडा करा.

निवाडा करत नाही, क्रम सांगते. ‘फ्यूजन’ २००२चा, गेम बॉय अॅडव्हान्सवरचा. घाबरवण्यात तो वरचढ आहे. सॅमसच्याच रूपातली शत्रू एसए-एक्स दाराबाहेरून पावलं वाजवत जाते, तेव्हा तुम्ही श्वास रोखता. पण त्यात संगणक दर वळणावर ‘आता इकडे जा’ म्हणून सांगत राहतो. ‘टू’मध्ये वही घेऊन बसलेल्या माणसाला ते टोचतं.

भावाला एवढं मात्र विचारा, की ‘फ्यूजन’मधले ते एक्स परजीवी आले कुठून? एसआर-३८८वरूनच. त्यांना खाऊन आटोक्यात ठेवणारा प्राणी म्हणजे मेट्रॉइड, आणि ते संपवले तुम्ही, आकडा शून्यावर आणून. ‘फ्यूजन’च्या सुरुवातीला सॅमस एक्सच्या संसर्गानं मरायला टेकते आणि वाचते ती मेट्रॉइडच्या पेशींपासून बनवलेल्या लशीमुळे. त्या पेशी तुम्ही जिवंत ठेवलेल्या त्या पिल्लाच्या. मधला दुवा १९९४चा ‘सुपर मेट्रॉइड’. तोही खेळा, त्यात नकाशा आपोआप बनतो. वही तरीही जवळ ठेवा. त्याच्या नकाशात खोल्या दिसतात, पण ‘इथे वर काहीतरी आहे, नंतर येऊ’ हे लिहायला जागा नाही.